पावसाळा आला, अर्धवट वह्या वर आल्या: लिखाणावर आणि छंदांवर लक्ष टिकवायचं कसं?

अबोली_फोंडा
९ जुलै, रात्री १०.५२

मंडळी, नमस्कार. राहते फोंड्याला, नोकरी पणजीत. जाण्यायेण्यात दोन तास जातात, बाणस्तारीला गाड्या अडकल्या तर त्याहून जास्त. छंद म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर लिहायला घेते.

सध्या काय काय उघडं आहे ते सांगते. एक एकांकिका: पहिला प्रवेश झालाय, दुसऱ्यात दोन पात्रं येऊन उभी आहेत आणि आता काय बोलायचं ते त्यांनाही ठाऊक नाही. आजीकडून उतरवून घेतलेल्या धालोच्या (बायकांच्या लोकनृत्याच्या) गाण्यांची वही, तीही निम्मी. जुन्या घरांची जलरंगातली चित्रं. आणि मागच्या महिन्यात क्रोशाची सुई विकत आणली. ती कशाला, ते विचारू नका.

वेळ मिळत नाही अशी तक्रार नाही. रात्री साडेनऊनंतरचा तास माझा असतो. पण एकांकिकेत संवाद अडला की मी धालोची वही साफ लिहायला घेते. त्यात एखादी ओळ लागेना की फोनवर शोधते. फोन हातात आला की तो तास संपलाच. दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी सुचतं आणि ते जुन्यापेक्षा नेहमीच चांगलं वाटतं.

तुम्ही एकाच कामाशी कसे टिकून राहता? लिहिणाऱ्यांनीच नव्हे, हाताने काही करणाऱ्यांनीही सांगा. ॲप सुचवू नका, ती सगळी उतरवून झालीत.

फेरीबोट
९ जुलै, रात्री ११.२०

ॲप नको तर साधं घड्याळ घ्या. पोमोदोरो पद्धत माहीत असेलच: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, स्वतः शिकत असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ लावून ती सुरू केली. नावही त्यावरूनच, इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात.

लोक घड्याळ लावतात, पण शेजारी कोरा कागद ठेवत नाहीत, आणि मग म्हणतात उपयोग नाही. त्या २५ मिनिटांत जे जे आठवेल (क्रोशाचा दोरा आणायचाय, अमुक ओळ शोधायचीय) ते कागदावर टिपायचं आणि परत कामावर यायचं. शोधायचं नंतर. फोन दुसऱ्या खोलीत.

पात्रांव_म्हापसा
१० जुलै, सकाळी ७.०५

गोंयकाराक लक्ष कितें आनी तारीख कितें! सुशेगाद रावात. 😄

नाटक्या_डिचोली
१० जुलै, दुपारी १.३५

पात्रांव, हे सुशेगादचं, म्हणजे निवांतपणाचं, बिल आपल्यावर बाहेरच्यांनी फाडलंय, आपणच ते कशाला भरायचं? आमच्या वाड्यावरची पोरं बघा. वर्षभर कोणी एक काम धड शेवटाला नेईल तर शपथ. पण दसरा झाला की नरकासुर उभा राहायला लागतो. बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत, वर गोणपाट, त्यावर मैद्याच्या खळीने कागदाचे थर. कामावरून आलेली पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत राबतात. कोणी त्यांना लक्ष कसं टिकवायचं ते शिकवलेलं नाही. चतुर्दशीच्या पहाटे त्याला जाळायचंच आहे, एवढं त्यांना माहीत असतं. "अजून थोडा चांगला करूया, पुढच्या आठवड्यात जाळू" ही सोयच नाही. एका वर्षी डाव्या हाताची बोटं करायची राहिली. कोणीतरी म्हणालं, ढाल दे त्या हातात. दिली. बघणाऱ्यांना वाटलं ढाल मुद्दामच आहे.

जत्रेच्या नाटकाचंही तेच. तिथी देवळाची. नायकाचं पाठांतर झालेलं नसतं, तबलजीला ताप असतो, पण ठरल्या रात्री पडदा वर जातो. गावोगावची हौशी नाटकं पिढ्यान्‌पिढ्या अशीच उभी राहिली.

लिहिणाऱ्याचं दुखणं हे की त्याची तिथी कोणी ठरवत नाही आणि त्याची वाट बघणारं कोणी नसतं. दिवाळी अंकांकडे बघा. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला काढला, तेव्हापासून मराठीतल्या किती कथा निव्वळ संपादकाच्या पत्रामुळे पुऱ्या झाल्या असतील! प्रतिभा वगैरे असतेच, पण छापखाना थांबत नाही.

तेव्हा अबोलीताई, एकांकिकेचं वाचन कोणासमोर आणि कुठल्या दिवशी, ते आधी ठरवा. दुसऱ्या प्रवेशाचं मग बघू.

अबोली_फोंडा
१० जुलै, रात्री ९.४४

तारीख ठरवली होती हो, कॅलेंडरवर लाल गोल करून. ती आली आणि गेली.

नाटक्या_डिचोली
१० जुलै, रात्री ९.५८

स्वतःशीच ठरवलेली तारीख चुकली तर विचारणारं कोण? दुसरा माणूस हवा, आणि तो जरा खवचट हवा.

कुळागर
११ जुलै, सकाळी ६.३०

मी नाटक्याच्या विरोधात. दिवसभर ऑफिसात तारखाच तारखा. संध्याकाळी लाकडाच्या छोट्या होड्या कोरतो. त्यालाही तारीख लावली तर तो छंद कसला, दुसरी नोकरीच. माझ्या निम्म्या होड्या अर्धवट आहेत आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

पण एक गोष्ट पाहिलीय ती सांगतो. अर्धवट होडी बाकावर दिसत राहते. चहा पिता पिता हात तिच्याकडे जातो, पॉलिशपेपरचे चार हात मारले जातात, कधी नुसती उचलून नाळेकडून डोळा लावून बघितली जाते, वाकडी आहे का म्हणून. लिहिलेलं मात्र फाइलमध्ये बंद. संगणक लावा, फाइल शोधा, मग कुठे ती दिसणार. तोवर बाकी दहा गोष्टी दिसून गेलेल्या असतात. तुमचा तो दुसरा प्रवेश छापून घ्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. येताजाता वाचा. पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी वाणसामानाची यादी लिहायला नेईल.

शेवंती
११ जुलै, दुपारी ३.१०

अबोली, तुला 'माझा' म्हणता येईल असा सलग तास आहे, नशीबवान आहेस. माझ्याकडे सलग असं काही नाही. सासूबाई, मुलं, पाहुणे. दुपारी बसले तर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजेपर्यंतच. त्यात दोनदा बेल. लक्ष टिकवण्याचा प्रश्न मला पडतच नाही, तुटलेलं परत कसं जोडायचं एवढाच पडतो. त्यावर मला सापडलेली युक्ती अशी.

उठताना वाक्य पुरं करायचं नाही. पुरं केलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पाठ फिरवून बसतं. अर्धं ठेवायचं, आणि त्याच्याखाली पेन्सिलने पुढचं लिहायचं, स्वतःला हुकूम द्यावा तसं. माझ्या वहीतलं कालचंच देते: "पुढे: काकी ट्रंक उघडते. आत शालू नाहीच. किंचाळू नको, तिला हसू येऊ दे." बस्स. आज बसल्यावर वाचावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही, काकी हसायलाच लागली. "पुढचा प्रसंग लिहिणे" असं लिहून ठेवशील तर काही उपयोग नाही, ते ऑफिसातलं टिपण झालं. कोण काय करतं तेच लिहायचं.

दुसरं, भाजी चिरताना फोनवर मराठीत बोलून लिहिते. विरामचिन्हं सगळी हरवतात, कुकरची शिटी मध्ये आली की भलतेच शब्द उमटतात, पण कच्चा माल पडतो.

फेरीबोट
११ जुलै, सायंकाळी ६.१५

शेवंतीताई, तुम्ही जे पेन्सिलने करता त्यावर संशोधन झालंय. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा थोडा भाग मागच्या कामातच रेंगाळतो आणि नवं काम खराब होतं. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम यांच्याबरोबर त्यांनी उपाय तपासला: उठण्याआधी मिनिटभरात आपण कुठे होतो आणि परत आल्यावर काय करायचं हे लिहून ठेवलं, की ते रेंगाळणं कमी होतं. तुमची काकी आणि ट्रंक म्हणजे तेच.

अबोलीताईंच्या बाबतीत मला दिसतं ते असं की एकांकिका अडली की त्या लगेच वही बदलतात. मग वही समोर आणि डोक्यात ती दोन पात्रं.

दूरदेशी_सांगे
१२ जुलै, पहाटे ४.४८

इकडे अजून काल चालू आहे, तेव्हा वेळेकडे दुर्लक्ष करा. मूळ सांगेचा, राहतो अमेरिकेत.

नाटक्याच्या 'तिथी'चा इथला अवतार म्हणजे नॅनोरायमो. १९९९ मध्ये क्रिस बाटी या माणसाने २१ जणांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू केलं: एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी. पुढच्या वर्षापासून महिना नोव्हेंबर ठरला. रोजचे साधारण १,६६७ शब्द. पुढे जगभरातून लाखो लोक उतरायला लागले. मार्च २०२५ मध्ये ती संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं, पण महिना कुठे गेलाय? अजूनही गट करून लिहिणारे लिहितात.

मी एकदा मराठीत उतरलो होतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. आकडा इंग्रजीचा घेऊ नका, ३०,००० सुद्धा पुष्कळ झाले. दुसरं, गोव्यात राहून नोव्हेंबर निवडू नका! तुळशीचं लग्न, जत्रांची सुरुवात, पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, घरी मुंबईचे पाहुणे. आषाढ-श्रावण बरा.

आणि त्या धांदलीत जे लिहून होतं ते बरंचसं टाकाऊ असतं. माझंही होतं. पण टाकाऊ का होईना, शेवटापर्यंत गेलेलं काहीतरी हातात असलं की दुरुस्ती करता येते. न लिहिलेल्याची काय करणार?

कुळागर
१२ जुलै, सकाळी ६.४०

रोज १,६६७ शब्द. यालाच मी दुसरी नोकरी म्हणालो होतो.

पागोळी
१२ जुलै, सकाळी ११.२५

आषाढ-श्रावण लिहिणाऱ्यांना बरा असेल, आम्हा रंगवाल्यांना नाही. अबोली, तुझी जलरंगातली घरं आत्ता बंद कर. हवेत एवढा ओलावा की आकाशाचा पहिला हात अर्ध्या तासानेही ओला. धीर सुटतो, दुसरा हात दिला जातो आणि आकाश छपरात उतरतं. बाहेर राहिलेल्या कागदावर ठिपके पडतात ते वेगळेच. मग रंग तिथे शाईसारखा फुटतो. चांगला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेव आणि नवरात्रापर्यंत विसर. हेअर ड्रायरने वाळवता येतं, पण वीज असेल तेव्हाच ना!

पावसात मी पेन आणि शाई घेते. रोज एक छोटं चित्र, तळहाताएवढं. जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये 'इंकटोबर' सुरू केलं, ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र. मी त्याचा महिना बदलून घेतलाय. आपल्या लोटलीच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी तर तरुणपणी रोजनिशीच चित्रांत लिहिली. कोण भेटलं, कोण भांडलं, बँड कोणाच्या लग्नात वाजला, सगळं. त्यात प्रकल्प-बिकल्प काही नव्हतं, रोजचं पान होतं. पण नंतर त्यांच्या चित्रांत जी गर्दी दिसते ना, प्रत्येक चेहरा वेगळा, ती कुठून आली असेल याचा विचार कर.

म्हणून कुळागरांचं मला थोडं पटतं. काही कामं पुरी करायची नसतात, चालू ठेवायची असतात.

घुमट_वाळपई
१२ जुलै, रात्री ८.३०

पागोळी, शेवटच्या वाक्याला मोठ्ठं +१, आणि लगेच एक पण.

मी आमच्या गावच्या घुमट आरत्यांचे ताल उतरवून ठेवतो. घुमट हा मातीचा, कातडं चढवलेला; शामेळ हे दुसरं चर्मवाद्य; कांसाळें म्हणजे झांजा; प्रत्येकाचे बोल वेगळ्या ओळीत. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, त्याच्या किती तरी आधी हे काम सुरू केलंय. तेव्हा मीही म्हणायचो, हे चालू ठेवायचं काम, घाई कसली? आधी सोप्या आरत्या घेतल्या. सुवारी या वादनप्रकाराचे जुने बोल फक्त एका म्हाताऱ्या वादकाला येत होते, ते अवघड म्हणून शेवटी ठेवले. ते वादक गेले. आता गावात कोणी विचारलं की आम्ही 'साधारण असं' वाजवतो.

म्हणून सांगतो, कुठलं काम आधी, हे उत्साहाला विचारून ठरवू नका. कुठलं थांबेल आणि कुठलं थांबणार नाही ते बघा. एकांकिकेतली दोन पात्रं आणखी वर्षभर उभी राहतील, त्यांचे पाय दुखत नाहीत. घरं पावसात रंगवता येत नाहीत, हे पागोळीने सांगितलंच. अबोलीताई, आजीचं वय काय?

अबोली_फोंडा
१२ जुलै, रात्री ९.३६

८६.

शेवंती
१२ जुलै, रात्री ९.४१

मग धागा इथेच संपला की गो बाय.

नाटक्या_डिचोली
१२ जुलै, रात्री १०.०२

संपला कसा, तारीख राहिली. आणि ती शोधायला लांब जायला नको. चतुर्थीला घर भरतं ना तुमचं? आत्या, मावश्या, काक्या, सगळ्या मूळ घरी. वाट बघणारी माणसं आयती आणि तिथी गणपतीची, ढकलता येत नाही. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधून झाली, रात्रीच्या आरत्या झाल्या की वही काढायची आणि वाचायची. गाणी ज्यांची, श्रोत्याही त्याच. एक ओळ चुकली तरी चारजणी ओरडतील. इतका खवचट श्रोता मला माझ्या नाटकाला मिळाला असता तर!

कुळागर
१३ जुलै, सकाळी ६.२५

या तारखेला माझी हरकत नाही. ही ऑफिसातली वाटत नाही.

घुमट_वाळपई
१३ जुलै, दुपारी १२.५०

रेकॉर्डिंगचं थोडं सांगतो, कारण हात पोळलेत. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गाण्यात कोणाचा तरी कॉल येतो. पंखा बंद. पत्र्याच्या पडवीत पाऊस असताना बसू नका, आतल्या खोलीत, गादीवर, फोन आजीच्या तोंडापासून हातभर. ऐकताना वहीत लिहू नका, तिच्याकडे बघा. लिहायला बसलात की त्या सावकाश सांगायला लागतात आणि गाणं मोडतं. आधी गाऊन घ्या, मग ओळ-ओळ विचारा. दर गाण्याच्या सुरुवातीला तारीख आणि ते कधी म्हणतात ते तुमच्या आवाजात बोला: मांडावर (धालो घालतात त्या जागी) पहिल्या रात्री की शेवटच्या, बसून की नाचताना. त्याच रात्री दुसरीकडे एक प्रत ठेवा.

एका बैठकीत दोन-तीन गाणी पुरे. थकल्यावर त्या 'आता आठवत नाही' म्हणतात आणि आपण तेच खरं धरून बसतो.

फेरीबोट
१३ जुलै, दुपारी १.१५

आणि ऐकून उतरवताना तरी २५ मिनिटांचं घड्याळ लावा. त्या कामाला ते अगदी मापात बसतं. मी माझा टोमॅटो असा सोडणार नाही.

अबोली_फोंडा
१४ जुलै, रात्री ९.५५

सगळ्यांना देव बरें करूं. ठरलं ते सांगते.

जलरंगाचा कागद गुंडाळून तांदळाच्या डब्यावर गेला. एकांकिकेचं शेवटचं पान छापून फ्रिजवर लावलंय, खाली शेवंतीताईंच्या पद्धतीने पेन्सिलने: "पुढे: तो दार उघडत नाही. ती बाहेरूनच बोलते, सगळं." हे लिहिता लिहिता प्रवेश का अडला होता ते कळलं, मी दोघांना उगाच एका खोलीत उभं केलं होतं. पण तरी चतुर्थीपर्यंत फाइल उघडणार नाही. क्रोशाची सुई शेजारच्या मुलीला दिली.

आणि रात्रीचा तास आजीचा. म्हणजे तिला नऊला झोप येते, म्हणून तासच बदलला, आता शनिवार-रविवारी दुपारी, तिची डुलकी झाल्यावर.

आज तिला विचारलं, गाशील का माझ्यासाठी? तर म्हणाली, एकटीने कसली गाणी, धालो काय एकटीने घालतात? धाकट्या मावशीला बोलव. ती दुसरी ओळ नेहमी चुकीची म्हणते, तिच्यासमोर एकदा बरोबर म्हणून दाखवायचीय.

घुमट_वाळपई
१४ जुलै, रात्री १०.१०

दोघींचंही रेकॉर्ड करा. भांडण झालं तर तेही, मधेच बंद करू नका. मावशीची ओळ तिच्या सासरच्या गावची असेल.